भिंतीवरचा शॉप व्हॅक्यूम घेताय? खोक्यावरच्या हॉर्सपॉवरपेक्षा पाइप, फिल्टर आणि भिंत बघा

औद्योगिक वसाहतीतला दहा बाय वीस फुटांचा गाळा. एका बाजूला कटिंगचं टेबल, दुसऱ्या बाजूला उभ्या लावलेल्या प्लायच्या शीट, मधून शटरपर्यंत जायला जेमतेम वाट. अशा जागेत चाकांवरचा व्हॅक्यूम क्लिनर आणला तर पहिले चार दिवस कौतुक होतं. मग तो पायात यायला लागतो, कोपऱ्यात सरकवला जातो, त्याच्यापुढे सामान साचतं आणि संध्याकाळी पुन्हा झाडू नाहीतर ब्लोअर हातात येतो. मशीन चांगलं असतं, पण ते काढायचा कंटाळा येतो.

यावरचा साधा उपाय म्हणजे व्हॅक्यूम भिंतीवर टांगायचा. मशीन जागेवर राहतं, फक्त पाइप फिरतो. ही कल्पना नवीन नाही. ह्युबर्ट सेसिल बूथ या ब्रिटिश इंजिनिअरने १९०१ साली हवा खेचणारं सफाई यंत्र बनवलं, ते इतकं अवजड होतं की घोडागाडीवरून यायचं. गाडी रस्त्यावर उभी राहायची आणि लांबच लांब पाइप खिडकीतून घरात जायचे. भिंतीवरचा व्हॅक्यूम तेच करतो, फक्त घोडे लागत नाहीत.

मात्र मशीन भिंतीवर गेलं की खरेदीचे निकष बदलतात. जमिनीवरचं मशीन कामाजवळ नेता येतं, त्यामुळे छोटा पाइप चालतो. भिंतीवरच्याला लांब पाइप लागतो, आणि पाइप लांब झाला की खेच कमी होते. जमिनीवरच्याचं वजन जमीन पेलते, इथे ते चार स्क्रूंवर येतं. जमिनीवरच्याची हवा पायाशी बाहेर पडते, इथे ती तोंडासमोर. दुकानात मात्र सगळ्यात मोठ्या अक्षरांत दिसतो तो हॉर्सपॉवरचा किंवा वॅटचा आकडा, आणि या तिन्हींपैकी एकाचंही उत्तर त्यात नसतं.

आधी नावाचा घोळ

‘शॉप-व्हॅक’ हे मुळात अमेरिकेतल्या पेन्सिल्व्हेनिया राज्यातल्या एका कंपनीचं ब्रँडनेम. आपल्याकडे फोटोकॉपीला जसं सगळे झेरॉक्स म्हणतात, तसं तिकडे वर्कशॉपमधल्या कुठल्याही दणकट व्हॅक्यूमला शॉप व्हॅक म्हणायला लागले. भारतात हीच वस्तू ‘वेट अँड ड्राय व्हॅक्यूम’ या नावाने मिळते. खाली टाकी, वर मोटर, मध्ये फिल्टर. भुसा, खिळे, माती खेचायची आणि फिल्टर बदलला की पाणीही.

भिंतीवर बसणारे तयार मॉडेल हा प्रकार मुख्यतः अमेरिकेतला. तिथे घराला जोडून गाडीचं गॅरेज असतं आणि त्याच्याच एका भिंतीला सुतारकामाचं टेबल. आपल्या दुकानांत प्रामुख्याने चाकांवरचेच दिसतात. त्यामुळे इथे दोन रस्ते उरतात: ऑनलाइन मिळणारं भिंतीवरचं मॉडेल घ्यायचं, किंवा चाकांवरचं मशीन घेऊन लोखंडी ब्रॅकेटवर बसवायचं. दुसरा रस्ता जुगाड वाटला तरी बहुतेक गाळ्यांसाठी तोच बरा, कारण चाकांवरच्या मशीनचे फिल्टर आणि पिशव्या सहज मिळतात.

तिसरा रस्ताही अनेकांच्या डोक्यात येतो. अमेरिकेत राहणाऱ्या नातेवाइकांकडून मागवायचा. तो टाळावा. तिकडची मशीन १२० व्होल्टवर चालतात, आपल्या २३० व्होल्टला लावली की मोटर जळते. मध्ये ट्रान्सफॉर्मर बसवायचा तर तो दीड-दोन हजार वॅट पेलणारा हवा, म्हणजे तोच व्हॅक्यूमपेक्षा जड.

हॉर्सपॉवरचा आकडा का फसवतो?

अमेरिकन खोक्यांवर ‘५ पीक एचपी’ असं सर्रास लिहिलेलं असतं. गणित सोपं आहे. तिथल्या घरातलं सर्किट साधारण १५ अँपिअरचं आणि व्होल्टेज १२०. दोन्हींचा गुणाकार १,८०० वॅट. एक हॉर्सपॉवर म्हणजे ७४६ वॅट, म्हणजे त्या सॉकेटमधून जेमतेम २.४ हॉर्सपॉवरइतकीच वीज मिळू शकते. मग मोटर पाच हॉर्सपॉवरने चालणार कशी? चालत नाही. ‘पीक’ म्हणजे मोटरने क्षणभर गाठलेला आकडा, तोही रोजच्या वापरातला नाही.

भारतात वॅट लिहितात, ते त्या मानाने प्रामाणिक. पण १,४०० वॅट म्हणजे मशीन वीज किती खातं, एवढंच कळतं. तासाला १.४ युनिट. ते खेचतं किती, हे वेगळं.

ते कळायला दोन आकडे लागतात. पहिला खेचण्याचा जोर, तो किलोपास्कलमध्ये देतात. २० किलोपास्कल म्हणजे पाण्याचा सुमारे २ मीटर उंच स्तंभ वर ओढण्याइतका जोर. अमेरिकन मॉडेलवर हेच ‘वॉटर लिफ्ट’ म्हणून इंचांत असतं. ८० इंच म्हणजे जवळपास २० किलोपास्कल. दुसरा आकडा हवेच्या प्रवाहाचा: सेकंदाला किती लिटर हवा जाते, किंवा मिनिटाला किती घनफूट, ज्याला सीएफएम म्हणतात. १ सीएफएम म्हणजे मिनिटाला सुमारे २८ लिटर.

गंमत अशी की खोक्यावरचे हे दोन्ही आकडे एकाच वेळी कधीच खरे नसतात. पाइपच्या तोंडावर तळहात दाबून धरला की जोर सर्वाधिक असतो, पण हवा शून्य वाहते. पाइप काढून टाकला की हवा सर्वाधिक वाहते, पण जोर जवळपास शून्य. प्रत्यक्ष काम या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी होतं. खिळे, स्क्रू, ओली माती, पाणी उचलायला जोर लागतो. सँडरमधून उडणारी बारीक धूळ उडायच्या आत पकडायला प्रवाह लागतो. वर्कशॉपमध्ये धूळ जास्त आणि पाणी कमी, म्हणून दोन मॉडेल तोडीस तोड असतील तर प्रवाह जास्त असलेलं निवडावं. आणि खोक्यावर फक्त वॅट असतील, बाकी काहीच नसेल, तर ते मॉडेल सोडून पुढे जावं.

पाइप: खरा हिशोब इथे आहे

पुन्हा तो दहा बाय वीसचा गाळा घेऊ. मशीन मागच्या कोपऱ्यात टांगलं तर समोरच्या तिरक्या कोपऱ्यापर्यंतचं अंतर होतं साधारण साडेबावीस फूट. त्यात मशीन पाच फूट उंचीवर, म्हणजे पाइप खाली येण्यात आणि वळण घेण्यात आणखी चार-पाच फूट. एकूण पाइप २७ फुटांचा.

तेच मशीन लांब भिंतीच्या बरोबर मध्यावर टांगलं तर सगळ्यात लांबचा कोपरा १४ फुटांवर. वळणासकट १८-१९ फुटांत काम होतं. जागा बदलली, खर्च शून्य, आणि पाइप आठ फुटांनी कमी.

हे आठ फूट महत्त्वाचे का? पाइपमध्ये हवा घासत जाते आणि त्यात जोर वाया जातो. लांबी दुप्पट झाली की तोटा दुप्पट. नालीदार पाइपमध्ये तो गुळगुळीत पाइपपेक्षा आणखी जास्त, आणि स्वस्त पाइप जवळपास सगळे आतून नालीदारच असतात. मशीनबरोबर येणारा पाइप बहुतेक वेळा दीड-दोन मीटरचा असतो. त्या पाइपवर जोरदार वाटलेलं मशीन सहा मीटरच्या पाइपवर मरगळलेलं वाटलं, तर दोष मोटरचा नसतो.

जाडीचा परिणाम तर लांबीपेक्षाही मोठा. तेवढीच हवा न्यायची असेल तर व्यास कमी होताना तोटा जवळपास पाचव्या घाताने वाढतो. म्हणजे ३८ मिलिमीटरऐवजी ३२ चा पाइप लावला तर दिसायला फरक सहा मिलिमीटरचा, पण तोटा सव्वादोन पटीहून जास्त. म्हणून लांब पाइप लावायचाच असेल तर तो जाड हवा.

मग आणखी जाड, ६३ मिलिमीटरचा का नको? अमेरिकेत अडीच इंची पाइप सर्रास मिळतो आणि अनेक जण तो हौसेने मागवतात. अडचण अशी की लाकडाचा भुसा आणि छिलके हवेत तरंगत जाण्यासाठी पाइपमध्ये हवेचा वेग सेकंदाला साधारण २० मीटर तरी हवा. ३८ मिलिमीटरच्या पाइपमध्ये हा वेग सेकंदाला २३ लिटर हवेत मिळतो. ६३ च्या पाइपमध्ये त्यासाठी ६२ लिटर लागतात. लांब पाइप आणि थोडा भरलेला फिल्टर अशा अवस्थेत छोट्या मशीनकडून तेवढी हवा येत नाही. मग भुसा पाइपच्या पोटात, खालच्या वळणावर साचत जातो आणि एक दिवस पाइप तुंबतो. एका मोटरच्या १,२०० ते १,६०० वॅटच्या मशीनला ३५ ते ३८ मिलिमीटर हा सुवर्णमध्य आहे.

पाइप घेताना आणखी एक गोष्ट हाताने तपासावी: टोकाचा कफ फिरतो का. तो फिरत नसेल तर पाइपला पीळ बसतो आणि प्रत्येक पीळ मशीनला ब्रॅकेटवरून ओढतो.

जिथे प्लेनर, थिकनेसर किंवा मोठा टेबल सॉ आहे, तिथे हा सगळा हिशोबच अपुरा पडतो. या मशीनना जोर कमी आणि हवा प्रचंड लागते. टेबल सॉसाठी ३५० सीएफएम आणि चार इंची पाइप हे नेहमीचं प्रमाण आहे. त्यासाठी डस्ट कलेक्टर नावाचं वेगळं मशीन असतं. शॉप व्हॅक कितीही मोठा घेतला तरी तिथे तो टाकी भरण्यापलीकडे फारसं करत नाही.

फिल्टर: फुप्फुसांचा प्रश्न

लाकडाची धूळ म्हणजे फक्त घाण, असा समज सुतारकामात फार खोल आहे. नैसर्गिक वस्तू, तिने काय होणार? जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने, म्हणजे आयएआरसीने, लाकडाच्या धुळीला १९९५ साली पहिल्या गटात टाकलं. पहिला गट म्हणजे माणसाला कर्करोग होतो याचा पुरेसा पुरावा असलेले पदार्थ. यात नाकाच्या पोकळीचा कर्करोग प्रमुख. टाइल, ग्रॅनाइट, काँक्रीट कापताना उडणारी सिलिकाची धूळ १९९७ पासून त्याच गटात आहे, आणि ती सिलिकोसिस हा फुप्फुसांचा बरा न होणारा आजार देते. एमडीएफमध्ये लाकडाच्या जोडीला फॉर्मल्डिहाइडचा गोंद असतो.

धोका दिसणाऱ्या भुशाचा नाही. जमिनीवर पडलेले छिलके नाकात जात नाहीत. जी धूळ दिसत नाही, तासन्‌तास हवेत तरंगते, ती आत खोलवर जाते. आणि साध्या कापडी किंवा स्पंजच्या फिल्टरचा व्हॅक्यूम नेमकी तीच धूळ पकडत नाही. जमिनीवरचा कचरा टाकीत जातो आणि बारीक धूळ मागच्या जाळीतून जोरात बाहेर. असं मशीन भिंतीवर छातीच्या उंचीला टांगलं तर ती थेट कारागिराच्या तोंडावर येते. जमीन स्वच्छ दिसते, हवा आधीपेक्षा वाईट होते.

म्हणून भिंतीवरच्या मशीनला फिल्टरवर काटकसर करणं परवडत नाही. खोक्यावर ‘हेपा’ हा शब्द असला म्हणून भागत नाही. ‘हेपा टाइप’, ‘हेपा लाइक’ असे शब्द कुठलंही मोजमाप सांगत नाहीत. अमेरिकन व्याख्येनुसार हेपा म्हणजे ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवणारा फिल्टर. युरोपीय पद्धतीत एच१३ हा दर्जा ९९.९५ टक्क्यांचा. यातलं काहीतरी आकड्यात लिहिलेलं हवं.

बॉशसारख्या कंपन्यांच्या व्यावसायिक मशीनवर आणखी एक खूण दिसते: एल, एम किंवा एच. हा युरोपीय मानकाचा धूळवर्ग. एल वर्गाच्या मशीनमधून १ टक्क्यापर्यंत धूळ बाहेर पडू शकते, एममधून ०.१ टक्का, एचमधून ०.००५ टक्का. लाकूड आणि काँक्रीट रोज कापणाऱ्याने एम वर्ग बघावा. तो महाग असतो, हे खरं. हौसेने आठवड्यातून एकदा काम करणाऱ्याला चांगला हेपा कार्ट्रिज, आत कापडासारखी फ्लीस पिशवी आणि तोंडावर एन९५ मास्क एवढं पुरतं.

ती पिशवी अनेक जण खर्च वाचवायला काढून टाकतात. विशेषतः पीओपी आणि पुट्टी घासताना ही चूक महागात पडते. जिप्समची पूड इतकी बारीक असते की घडीच्या फिल्टरचे सगळे पदर थोड्याच वेळात लिंपले जातात, खेच बसते आणि मोटर तापायला लागते. पिशवी असली की पूड पिशवीत राहते आणि फिल्टर बरेच दिवस टिकतो.

पिशव्यांचाही खर्च नको असेल तर मशीनच्या आधी सायक्लोन बसवता येतो. हा एक उलटा शंकू असतो. हवा त्यात गोल फिरते, जड भुसा कडेला फेकला जाऊन खालच्या बादलीत पडतो आणि बहुतांश स्वच्छ हवा पुढे जाते. २० लिटरच्या रंगाच्या बादलीवर बसणारे प्लास्टिकचे सायक्लोन ऑनलाइन मिळतात. भिंतीवरच्या मशीनला हे फारच सोयीचं, कारण भुसा ओतायला मशीन उतरवावं लागत नाही, खालची बादली रिकामी केली की झालं. फक्त बादलीची भिंत पातळ नको. पाइप तुंबला की पातळ बादली आतल्या ओढीने चुरगळते. रंगाची जाड बादली बरी.

मशीन टांगताना मागची हवा कुठे फेकली जाते तेही पाहावं. ती शटरच्या दिशेने गेली तर उत्तम. फळीवर साचलेल्या धुळीकडे गेली तर रोज सकाळी मशीन सुरू करताच गाळ्यात ढग उठतो.

भिंत काय म्हणते?

मशीनचं वजन सहा-सात किलो, म्हणून कुणी दोन प्लास्टिकचे गिट्टे ठोकून मोकळं होतं. पण हिशोब भरलेल्या टाकीचा करायचा असतो. सुका भुसा हलका, त्याची चिंता नाही. पाणी मात्र लिटरला एक किलो. टाकीत १२ लिटर पाणी आलं की एकूण वजन १८-१९ किलो. शिवाय ते भिंतीला चिकटून नसतं, सात-आठ इंच पुढे लोंबतं, त्यामुळे वरचे स्क्रू भिंतीतून बाहेर खेचले जातात. त्यात दिवसभराचं मोटरचं कंपन आणि पाइपचे हिसके.

आरसीसी किंवा भाजलेल्या विटांची भिंत असेल तर आठ मिलिमीटरचे अँकर फास्टनर पुरेसे. विटांमध्ये छिद्र विटेत पाडायचं, दर्जेत नाही. नव्या बांधकामांत एएसी ब्लॉकच्या, म्हणजे लोक ज्यांना सिपोरेक्स म्हणतात त्या भिंती असतात. त्या मऊ असतात. त्यात साधा गिट्टा पहिल्या दिवशी घट्ट बसतो आणि कंपनाने हळूहळू सैल होतो. त्यासाठी एएसीचेच वेगळे लांब प्लग मिळतात. त्याहून खात्रीचा मार्ग म्हणजे आधी १८ मिलिमीटर प्लायचा दोन बाय दोन फुटांचा तुकडा सहा-आठ ठिकाणी भिंतीला पकडायचा आणि ब्रॅकेट त्या प्लायला मारायचा. वजन वाटलं जातं, शिवाय प्लाय थोडं कंपनही खातो.

पत्र्याच्या शेडमध्ये पत्र्याला काहीही टांगू नये. ब्रॅकेट लोखंडी खांबाला किंवा अँगलला वेल्ड करून घ्यावा. आणि शेड जुन्या सिमेंटच्या पत्र्याची असेल तर त्याला ड्रिल लावूच नये. त्या पत्र्यात ॲस्बेस्टॉस असतं, आणि छिद्रातून पडलेली पूड साध्या व्हॅक्यूमने ओढली तर तिचे तंतू गाळाभर पसरतात.

उंचीबद्दल: टाकीची कडी छातीच्या वर जाऊ नये. वर लावलं की जागा वाचते, पण भरलेली टाकी डोक्याच्या उंचीवरून उतरवताना पाठ आणि खांदा दोन्ही जातात. मोटर कानाच्या पातळीला आली तर आवाजाचाही त्रास. अशी मशीन ७५ ते ८५ डेसिबलच्या आसपास आवाज करतात, आणि अमेरिकेतल्या निऑश या संस्थेची आठ तासांची शिफारस ८५ डेसिबलची आहे. सोबत ग्राइंडर किंवा राउटर चालू असेल तर कानात प्लग हवेतच.

पाणी खेचणं हेच मुख्य काम असेल, उदाहरणार्थ पावसाळ्यात शटरखालून पाणी येतं किंवा गाडी धुण्याचं सेंटर आहे, तर भिंतीवरचा व्हॅक्यूम हा निर्णयच चुकीचा. तिथे चाकांवरचा, तळाला पाणी सोडायचा नळ असलेला घ्यावा. भिंतीवरच्याने अधूनमधून सांडलेलं पाणी उचलायला हरकत नाही, पण कागदी फिल्टर काढून स्पंजचा लावूनच. ओला कागदी फिल्टर पावसाळ्यात आठवडाभर वाळत नाही आणि त्याला बुरशी येते.

सॉकेट आणि वायर

१,४०० वॅटचं मशीन २३० व्होल्टवर ६.१ अँपिअर घेतं. घरातला साधा सॉकेट ६ अँपिअरचा. म्हणजे अगदी मधल्या आकाराच्या मशीनलाही १६ अँपिअरचा सॉकेट लागतो, गिझरला असतो तसा. सहाच्या सॉकेटला अडॅप्टर लावून चालवलं तर सॉकेट पिवळा पडतो, मग काळा. भिंतीवर मशीन कायमचं बसणार आहे, तर त्याच्या शेजारी अर्थिंगसह १६ अँपिअरचा सॉकेट काढून घेणं हा खर्च खरेदीतच धरावा. ओलं काम होणार असेल तर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी असल्याची खात्री करावी.

काही मॉडेलमध्ये व्हॅक्यूमवरच सॉकेट असतो. सँडर किंवा कटर त्याला लावला की टूल सुरू होताच व्हॅक्यूम आपोआप सुरू होतो आणि टूल बंद झाल्यावर काही सेकंदांनी बंद. ही चैन नाही. मशीन भिंतीवर, कारागीर टेबलापाशी, दर कटला उठून बटण कोण दाबणार? ही सोय नसेल तर लोक व्हॅक्यूम न लावताच कापतात. ही सोय घेताना त्या सॉकेटवर जास्तीत जास्त किती वॅटचं टूल चालतं तेवढं वाचावं, कारण दोन्हींची वीज एकाच वायरमधून येते.

काय ओढायचं नाही

दुचाकीच्या गॅरेजमध्ये हा मुद्दा सगळ्यात आधी वाचायला हवा. व्हॅक्यूमच्या मोटरमध्ये कार्बन ब्रश असतात आणि ते चालताना ठिणग्या टाकतात. पेट्रोलची वाफ उणे ४० अंशांच्या आसपासही पेट घेऊ शकते, म्हणजे आपल्याकडे बारा महिने, चोवीस तास. कार्ब्युरेटर साफ करताना सांडलेलं पेट्रोल, थिनर, टर्पेंटाइन, स्प्रे पेंटचा ओला थर यातलं काहीही साध्या शॉप व्हॅकने ओढणं म्हणजे टाकीत वाफ भरून वर ठिणगी धरणं. ‘वेट अँड ड्राय’मधल्या ‘वेट’चा अर्थ पाणी एवढाच. सांडलेल्या पेट्रोलवर वाळू किंवा माती टाकावी, शटर उघडं ठेवावं.

ब्रेक ड्रम उघडल्यावर कॉम्प्रेसरची हवा मारायची सवयही वाईट. ब्रेक-शूच्या धुळीत ॲस्बेस्टॉस असू शकतं, आणि फुंकल्याने ती जागेवरून उठून मेकॅनिकच्या छातीत जाते. तिथे ओलं फडकं बरं. साधा व्हॅक्यूम तिथेही नको.

सुतारकाम आणि फॅब्रिकेशन एकाच छपराखाली चालत असेल तर दोन्हींना एक मशीन ठेवू नये. ग्राइंडरची ठिणगी भुशात पडली की ती लगेच पेटत नाही, तासन्‌तास धुमसते. संध्याकाळी शटर खाली गेल्यावर टाकीत आग लागते, आणि टाकी प्लायच्या भिंतीवर टांगलेली असते. ॲल्युमिनियमची बारीक पूड तर त्याहून धोकादायक, ती हवेत मिसळली की स्फोट होऊ शकतो. जवसाच्या तेलाचं पॉलिश पुसलेली फडकी वाळताना स्वतःच तापतात, तीही टाकीत जाऊ देऊ नयेत. घरी जायच्या आधी टाकी रिकामी करून कचरा बाहेर झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात टाकायचा, हा नियम गाळ्याच्या भिंतीवर खडूने लिहून ठेवण्यासारखा आहे.

पैसे देण्याआधी

घरगुती वापराचे वेट अँड ड्राय व्हॅक्यूम साधारण चार-पाच हजारांपासून मिळतात. त्यावर ब्रॅकेट, पाच-सहा मीटरचा ३८ मिलिमीटर पाइप, चांगला फिल्टर, पिशव्या आणि १६ अँपिअरचा सॉकेट एवढं धरलं की आकडा सहज दुपटीच्या आसपास जातो. म्हणून बजेट मशीनचं नाही, या सगळ्याचं ठरवावं. हातात आठ हजार असतील तर आठ हजारांचं मशीन घेऊन त्याच्या छोट्या पाइपवर काम भागवण्यापेक्षा पाच हजारांचं मशीन आणि तीन हजारांचं बाकी सामान जास्त उपयोगी पडतं.

दुकानात किंवा ऑनलाइन ऑर्डर करताना त्याच मॉडेलचा फिल्टर आणि पिशवी वेगळी विकत मिळते का, हे तिथल्या तिथे शोधून बघावं. मिळत नसेल तर वर्षभरात मशीन भंगारात जाणार. पाइपच्या तोंडाचं माप कंपनीगणिक वेगळं असतं, त्यामुळे सँडर किंवा कटर आधीपासून असेल तर त्याच्या धुळीच्या तोंडाचा बाहेरचा व्यास मोजून न्यावा. जुळलं नाही तर रबरी अडॅप्टर मिळतात. चिकटपट्टी गुंडाळून भागवलं तर फटीतून हवा शिरते आणि लांब पाइपवर आधीच कमी झालेली खेच तिथेच संपते.